बरणी आणि मर्तबान

(आपल्या घरातील साध्या वस्तूंनाही इतिहास असतो. चिनी मातीच्या बरण्या आणि फुलदाण्या कोठून आल्या, त्यांची पारख कशी करावी आणि त्या कशा जपाव्या, याची माहिती या पाठात दिली आहे.)

खानदेशात उन्हाळा तापू लागला, की घरोघरी कैऱ्या येतात. त्या धुतात, पुसतात, फोडतात. मीठ, मोहरी, तिखट आणि तेल यांची तयारी होते. मग फडताळातून एक जड भांडे खाली उतरते. त्याचा वरचा भाग तपकिरी असतो, खालचा पांढरट असतो आणि तोंडावर झाकण असते. मराठीत या भांड्याला चिनी मातीची बरणी म्हणतात. तुमच्या घरी त्याला मर्तबान म्हणत असतील. लोणचे भरून झाले, की बरणीच्या तोंडाला स्वच्छ फडके बांधतात. या फडक्याला मराठीत 'दादरा' असा छोटासा शब्द आहे.

अलीकडे ही बरणी स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आली आहे. शोभेसाठी जुन्या बरण्या आणि फुलदाण्या जमवण्याची अनेकांना हौस असते. त्यासाठी ते बरेच पैसेही मोजतात. दुसरीकडे आपल्या जळगाव-धुळे भागात जुनी धाब्याची घरे पाडून सिमेंटची घरे बांधली जातात. त्या वेळी माळ्यावरच्या बरण्या कधी फुटतात, तर कधी भंगारवाल्याकडे जातात. एक जण नकली वस्तू जुनी समजून महाग विकत घेतो, तर दुसरा खरी जुनी वस्तू मातीमोल देऊन टाकतो. दोघांचेही नुकसान एकाच कारणाने होते. त्यांना वस्तूची ओळख नसते. ही ओळख कशी करून घ्यावी, ते आपण पाहू.

प्रथम नावाकडे पाहा. उर्दूत 'चीनी' म्हणजे साखर. मराठीत 'चिनी' म्हणजे चीन देशाचा. म्हणून 'चिनी बरणी' ऐकून कोणी साखरेची बरणी समजू नये! पांढरी, गुळगुळीत आणि चकचकीत भांडी प्रथम चीनमध्ये तयार झाली. म्हणून तशा मातीला आणि तशा भांड्यांना आपल्याकडे 'चिनी' हे नाव पडले. पुढे तशी भांडी भारतातही होऊ लागली, पण नाव तेच राहिले. याचा अर्थ असा, की चिनी मातीची प्रत्येक बरणी चीनमधून आलेली नसते.

'मर्तबान' या शब्दाची गोष्टही मनोरंजक आहे. मर्तबान हे ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, एका जुन्या बंदराचे नाव. या बंदरातून मोठमोठ्या बरण्या जहाजांवर चढत. काही बरण्या त्याच देशात घडवलेल्या असत, तर काही चीनमधून आलेल्या असत. व्यापारी त्यांना बंदराच्या नावानेच ओळखू लागले. गावाचे नाव वस्तूला मिळाले आणि ते थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचले.

या बरण्यांचा उपयोग काय होता? याचे उत्तर इब्न बतूता या प्रवाशाने लिहून ठेवले आहे. मोरोक्कोचा हा प्रवासी दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या दरबारी होता. सुलतानाने त्याला आपला वकील म्हणून चीनला पाठवले. १३४२ साली तो दिल्लीहून निघाला. वाटेत तो दौलताबादला आला आणि तेथून नंदुरबारमार्गे खंबायतच्या बंदराकडे गेला. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. म्हणजे चीनला निघालेला हा प्रवासी आपल्या खानदेशातून गेला होता. नंदुरबारच्या मराठा लोकांच्या कारागिरीचे त्याने कौतुक केले आहे.

पुढे समुद्रप्रवासात एका राज्याच्या राजकन्येने त्याला भेटी दिल्या. त्यांत चार मर्तबान होते. त्या मोठ्या बरण्यांत आले, मिरी, लिंबे आणि आंबे मिठात मुरवून भरलेले होते. जहाजावर ताजे अन्न मिळत नसे, तेव्हा हे खारवलेले पदार्थ उपयोगी पडत. सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी मर्तबानात आंब्याचे लोणचे होते आणि आजही आहे! चीनमधली भांडी उत्तम असतात आणि ती भारतात व इतर देशांत विकायला जातात, असेही इब्न बतूताने लिहिले आहे.

ही भांडी उत्तम का होती? साधे मडके मंद आचेत भाजले जाते. त्याच्या अंगाला बारीक छिद्रे राहतात, म्हणून त्यातून पाणी झिरपते. माठातले पाणी गार होते ते यामुळेच. बरणीसाठी वेगळी माती घेतात आणि ती भट्टीत सुमारे १२०० अंश उष्णतेला भाजतात. तेव्हा ती दगडासारखी घट्ट होते. अशा भांड्यातून तेल किंवा खार पाझरत नाही. चीनमधील सर्वांत नाजूक भांडी याहून वेगळी असतात. त्यांत केओलिन नावाची पांढरी माती आणि एका प्रकारच्या दगडाची पूड मिसळलेली असते. ती सुमारे १३०० अंशांपर्यंत भाजतात. असे पातळ भांडे उजेडासमोर धरले, तर त्यातून मंद प्रकाश दिसतो. बोटाने हलकेच वाजवले, तर ते घंटेसारखे वाजते. चीनमधील जिंगदेझेन हे गाव एक हजार वर्षांहून अधिक काळ या कामासाठी प्रसिद्ध आहे.

पांढऱ्या भांड्यावरची निळी नक्षी तुम्ही पाहिली असेल. हा निळा रंग कोबाल्ट नावाच्या खनिजापासून होतो. चौदाव्या शतकात हे खनिज इराणमधून चीनला जात असे. माती चीनची, रंग इराणचा आणि गिऱ्हाईक भारतापासून आफ्रिकेपर्यंतचे, असा हा व्यापार होता.

राजेलोकांना या भांड्यांचे फार वेड होते. विल्यम हॉकिन्स हा इंग्रज १६०९ ते १६११ या काळात जहांगीर बादशहाच्या दरबारी होता. त्याने एक हकिकत लिहिली आहे. बादशहाची एक आवडती चिनी थाळी फुटली. ती ज्याच्या ताब्यात होती, त्या सरदाराला फटक्यांची शिक्षा झाली. मग तशीच दुसरी थाळी शोधण्यासाठी त्याला चीनच्या वाटेला लावण्यात आले. शेवटी इराणच्या शहाला दया आली आणि त्याने आपल्याजवळची तशी थाळी पाठवून दिली. एका थाळीसाठी माणसाला एवढा त्रास! वस्तू सुंदर असावी, पण ती माणसापेक्षा मोठी मानू नये, हेच या हकिकतीवरून कळते.

हिरवट झिलईच्या चिनी थाळ्यांना आपल्याकडे 'गोरी' म्हणत. अशा थाळीत विषारी अन्न वाढले, तर थाळी तडकते किंवा तिचा रंग बदलतो, असा समज होता. राजांना विषाची भीती असे, म्हणून या थाळ्यांना मान होता. हा समज खरा नाही. मात्र त्या समजामुळे अनेक थाळ्या जपल्या गेल्या. अशी भांडी हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात पाहायला मिळतात. हे संग्रहालय १९५१ साली सुरू झाले.

शोभेसाठी भांडी मांडण्याची रीतही जुनी आहे. इराणमध्ये आणि मुघलांच्या महालांत भिंतीत लहान लहान कोनाडे करत. त्यांत चिनी सुरया, प्याले आणि फुलदाण्या ठेवत. अशा जागेला 'चीनीखाना' म्हणत. इराणच्या शाह अब्बासने १६११ साली अर्दबील येथील दर्ग्याला एक हजाराहून अधिक चिनी भांडी दिली. तेथे त्यांच्यासाठी खास चीनीखाना होता. तुम्ही कोनाड्याला 'ताक' म्हणता. मराठीत मात्र ताक म्हणजे छाछ! असे शब्द ध्यानात ठेवावेत. उलट 'गुलदान' आणि 'फुलदाणी' हे शब्द जवळचे नातेवाईक आहेत. उर्दूतले 'दान' मराठीत 'दाणी' झाले. अत्तरदान आणि अत्तरदाणी ही जोडीही तशीच आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि चीन यांच्यात मोठा व्यापार चाले. मुंबईहून कापूस आणि अफू जाई. परतीच्या जहाजांतून चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी येत. अफूच्या व्यापाराने चीनमधील असंख्य लोकांचे हाल झाले, हेही विसरता येत नाही. अनेक पारशी व्यापारी स्वतः चीनला जाऊन आले. त्यांच्या घरांत चिनी फुलदाण्या दिसू लागल्या. जमशेटजी टाटा यांचे पुत्र सर दोराबजी टाटा आणि सर रतन टाटा यांनी अशा सुंदर वस्तूंचा मोठा संग्रह केला. (हे सर रतन टाटा १९१८ साली वारले. २०२४ साली निधन पावलेले उद्योगपती रतन टाटा वेगळे.) दोघा भावांचे संग्रह पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाला मिळाले. हे संग्रहालय लोकांसाठी १९२२ साली उघडले. त्याचे आजचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे आहे. एका घराची शोभा अशी सर्वांची झाली.

आता आपल्या घरातील बरणीकडे वळू. खानदेशातील घरांत दिसणाऱ्या तपकिरी-पांढऱ्या बरण्या बहुतेक भारतातच तयार झालेल्या असतात. गुजरातमधील थानगड व वांकानेर आणि उत्तर प्रदेशातील खुर्जा ही गावे चिनी मातीच्या कामासाठी प्रसिद्ध आहेत. त्या बरण्या चीनच्या नाहीत, म्हणून त्या टाकाऊ ठरत नाहीत. चार पिढ्यांचे लोणचे ज्या बरणीत मुरले, तिचे मोल त्या घराला वेगळेच असते.

एखादी बरणी किंवा फुलदाणी समोर आली, तर पारख कशी करावी?

प्रथम ती उलटी करून बूड पाहावे. बुडाच्या कडेला बहुधा झिलई नसते. तेथे आतली माती दिसते. ती पांढरी, करडी की तांबूस आहे, हे पाहावे. वर्षानुवर्षे जमिनीवर ठेवलेल्या भांड्याचे बूड झिजून गुळगुळीत होते. नव्या भांड्याला चहाचे पाणी आणि माती फासून जुने दाखवणारे लोक असतात. त्यांचा मळ सगळीकडे सारखा असतो. खरी झीज मात्र हात लागतो तेथे आणि भांडे टेकते तेथेच जास्त असते.

मग नक्षी पाहावी. हाताने काढलेल्या नक्षीत दोन फुले अगदी सारखी नसतात. कोठे रेघ जाड असते, कोठे बारीक. छापाच्या नक्षीत सगळे एकसारखे असते आणि कधी कधी छापाचा जोडही दिसतो.

बुडाशी चिनी अक्षरे असली, तरी घाई करू नये. त्यांत बहुधा एखाद्या बादशहाच्या कारकिर्दीचे नाव असते. परंतु नंतरच्या कारागिरांनी जुन्या बादशहांची नावे पुष्कळदा लिहिली आहेत. काहींनी ती आदराने लिहिली, तर काहींनी फसवण्यासाठी. इंग्रजी अक्षरांत 'चायना' असे लिहिले असेल, तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची समजावी. त्या साली अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती केली.

शेवटी भांडे हलकेच वाजवून पाहावे. धड भांडे खणखणीत वाजते. तडा गेलेले भांडे बद्द वाजते. पूर्वी फुटलेली किमती भांडी धातूच्या बारीक आकड्यांनी सांधत असत. असे सांधलेले भांडे दिसले, तर हसू नये. ते कोणाला तरी फार प्रिय होते, याची ती खूण आहे.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. शोभेसाठी आणलेल्या जुन्या भांड्यात लोणचे किंवा दुसरा खाण्याचा पदार्थ भरू नये. पूर्वीच्या काही झिलयांत आणि रंगांत शिसे असे. उर्दूत त्याला सीसा म्हणतात. कैरी आणि लिंबू यांच्या आंबटपणामुळे ते शिसे पदार्थात उतरते. शिसे हे विष आहे. ते चवीने ओळखता येत नाही आणि लहान मुलांच्या मेंदूला त्यापासून विशेष अपाय होतो. झिलईला बारीक चिरा पडल्या असतील, तर धोका वाढतो. आजीच्या काळापासून वापरातील बरणीचीही झिलई उडाली असेल, तर तिला आता आराम द्यावा. लोणचे काचेच्या बरणीत घालावे आणि जुनी बरणी कोनाड्यात मानाने ठेवावी.

जुनी बरणी जपण्याचे नियम सोपे आहेत. ती कानांना किंवा तोंडाला धरून उचलू नये. एक हात बुडाखाली आणि दुसरा पोटाला लावून उचलावी. धुताना घमेल्यात जाड कापड अंथरावे आणि कोमट पाणी वापरावे. राख, वाळू किंवा तारेची घासणी लावू नये. सोनेरी रंगाची नक्षी असेल, तर ती फक्त मऊ फडक्याने पुसावी. उंच फुलदाणी वाऱ्याने किंवा धक्क्याने पडू नये, म्हणून तिच्या तळाशी वाळूची छोटी पिशवी ठेवावी. फुलदाणीत ताजी फुले ठेवायची असतील, तर आत काचेचा पेला ठेवून त्यात पाणी घालावे. दिवा बसवण्यासाठी भांड्याला भोक मात्र कधीही पाडू नये.

संग्रह करताना कायदाही पाळावा लागतो. भारतात १९७२ साली पुरावस्तूंविषयी कायदा झाला. त्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू पुरावस्तू ठरते. ती कोणालाही मनाप्रमाणे परदेशी पाठवता येत नाही. अशा वस्तूंचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो. शेतात किंवा पायात जुना ठेवा सापडला, तर सरकारला कळवावे लागते.

शेतातली खापरेसुद्धा उगाच उकरू नयेत. तापीच्या खोऱ्यातील सावळदे या गावाचे नाव अभ्यासकांनी सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका संस्कृतीला दिले आहे. तेथे सापडलेल्या मातीच्या भांड्यांवरून ही ओळख पटली. गिरणेकाठचे बहाळ आणि तापीकाठचे प्रकाशे येथेही १९५० नंतरच्या काळात उत्खनन झाले. कोणते खापर जमिनीच्या कोणत्या थरात सापडले, यावरून त्याचा काळ ठरतो. ते उचलून घरी आणले, की ती खूण कायमची पुसली जाते.

मग चांगला संग्राहक कोणाला म्हणावे? पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले आणि लोकांच्या घरांतले जुने कागद त्यांनी वाचवले. १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. या दोघांनी वस्तू आणि कागद तर जमवलेच, पण त्यांच्यामागची माहितीही जपली.

हे काम तुम्हीही करू शकता. घरात एखादी जुनी बरणी, फुलदाणी किंवा थाळी असेल, तर आजी-आजोबांना, दादी-नानींना विचारा. ती कोणी आणली? कोणत्या गावाहून आणली? त्या वेळी घरात काय प्रसंग होता? तिच्यात काय भरत असत? उत्तरे एका कागदावर लिहा, त्यावर तारीख घाला आणि तो कागद बरणीतच ठेवा. उद्या घर बदलले, माणसे दूर गेली, तरी बरणीबरोबर तिची हकिकत राहील. बाजारात जुनी बरणी पैसे देऊन मिळेल. तुमच्या दादीने सांगितलेली हकिकत मात्र कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

शब्दार्थ

फडताळ – भिंतीतले कपाट
झिलई – भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर
मातीमोल – अगदी कमी किमतीला
पारख – परीक्षा, ओळख
खापर – मातीच्या भांड्याचा तुकडा
बद्द – खणखणीत नसलेला (आवाज)
शिसे – एक जड धातू, सीसा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'दादरा' म्हणजे काय?
(आ) मर्तबान हे नाव कशावरून पडले?
(इ) इब्न बतूता खानदेशातील कोणत्या गावावरून गेला?

२. कारणे सांगा.
(अ) माठातले पाणी गार होते.
(आ) जुन्या शोभेच्या बरणीत लोणचे भरू नये.
(इ) बुडाशी असलेल्या चिनी अक्षरांवरून वस्तूचा काळ ठरवता येत नाही.

३. 'गुलदान – फुलदाणी' यांसारख्या उर्दू-मराठी शब्दांच्या पाच जोड्या शोधून लिहा.

४. तुमच्या घरातील एका जुन्या वस्तूची हकिकत मोठ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.